बांधावरचं पान

जून महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी सव्वातीन वाजता, पुस्तकात एक पान नाही हे लक्षात आलं. ते पान मार्चपासून नव्हतं.

पुस्तक मोबाइलमधलं होतं. एटापल्लीच्या पलीकडे जंगलातल्या टोल्यांवर, लहान लहान पाड्यांवर, ज्या बाया आरोग्याचं काम करतात, त्यांच्यासाठी एका लहान संस्थेनं ते अ‍ॅप करून घेतलं होतं. एकेका दुखण्याचं एकेक पान. ताप उतरत नसेल तर काय करायचं, जुलाब झालेल्या मुलाला केव्हा हलवायचं, पूर आला तर डोंगा कुठल्या घाटावर मिळतो, कुठल्या दवाखान्यात कुठलं औषध असतं. नेटवर्क नसलं तरी पुस्तक उघडायचं. पानं त्या बायांनीच लिहायची, काही मराठीत, काही माडियात, असं ठरलं होतं. आलेलं तपासून लावणं हे माझं काम होतं. त्याआधी मी चंद्रपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. प्रोग्रामर बल्लारपूरच्या होत्या. नागपूरची नोकरी सोडून त्या चंद्रपुरात आल्या होत्या आणि एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत आम्ही दोघं हे काम करत होतो.

फोन एटापल्लीहून आला. करणाऱ्या बाई आमच्या आरोग्य कार्यकर्त्यांमध्ये सर्वांत जुन्या. आम्ही त्यांना फक्त बाई म्हणत असू.

"भाऊ, माह्यं पान कुठी हाय?"

"कोणतं पान, बाई?"

"मार्चमधी लिवलं ते. नवीन पुस्तक टाकलं फोनात. सगळे पानं पाह्यले. माह्यंच नाई."

"यादीत खाली असेल. नीट बघा."

"खाली पाह्यलं, वर पाह्यलं. आता फोन उलटा धरून पाहू काय?"

मी पान कशावरचं होतं ते विचारलं. बाई थोडं थांबल्या. मग म्हणाल्या, "माह्या बहिणीसाठी लिवलं होतं ना भाऊ. तेच."

मला आठवलं. बाईंची धाकटी बहीण नदीपलीकडच्या एका टोल्यावर दिली आहे. आदल्या वर्षी भाताच्या रोवणीच्या दिवसांत त्या टोल्यावर एका बाईला साप चावला. पायाला दोरी घट्ट आवळली, पुजाऱ्याकडे नेलं, नदी भरलेली होती म्हणून पुढे कोणी हललं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाई गेली. बहीण तिथेच उभी होती. काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. हिवाळ्यात तिनं टोल्याची आरोग्य कार्यकर्ती व्हायचं ठरवलं, पण तोवर प्रशिक्षण होऊन गेलं होतं. पुढचं प्रशिक्षण पावसाळ्यानंतर. नदी भरली की तो टोला चार महिने तुटतो. त्या चार महिन्यांत बहिणीजवळ विचारायला कोणी नसणार. म्हणून बाईंनी पान लिहिलं. नदी भरण्याआधी ते बहिणीच्या फोनमध्ये जायला हवं होतं. नदी भरायला फार दिवस उरले नव्हते.

मी फोन ठेवला आणि फोल्डर उघडलं.

पान तिथं होतं. पूर्ण होतं. मार्चमध्ये बाईंनी ठेवलं होतं तसंच. जखम कापू नका. तोंडानं ओढू नका. दोरी आवळू नका. बांगड्या, पायातले वाळे, जोडवी काढून घ्या. हात किंवा पाय बांबूच्या कामटीला सैल बांधा, हलू देऊ नका. चालवू नका, खाटेवर न्या. खालचा घाट बंद असेल तर वरच्या घाटावर, मोठ्या येनाच्या झाडाजवळ हाक मारा. तिथून कोणत्या दवाखान्यात न्यायचं, तेही होतं. एकाखाली एक, आधी मराठी, मग माडिया. तीन महिने ते फोल्डरमध्ये पडून होतं. आम्ही रोज त्याच्यावरून जात होतो.

दैनिकात असं होई. एखाद्या गावाहून आलेली बातमी चुकीच्या ट्रेमध्ये पडली की ती कोणी फेकलेली नसे आणि कोणी छापलेलीही नसे.

खोलीत पंखा गरम हवा फिरवत होता. खिडकीतून वीज केंद्राची धुराडी दिसत. त्या दुपारी धूर सरळ वर उभा होता आणि हलत नव्हता. जूनमध्ये चंद्रपुरात तीनच्या सुमाराला सगळं जरा पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसतं. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर, तिच्या पलीकडचा किल्ल्याचा बुरूज, दोन्ही थोडी थोडी हलत होती.

"नाव पहा," प्रोग्रामर म्हणाल्या.

फाइलचं नाव होतं: बांधावरचं.

नावांचा नियम मीच केला होता. आधी विषय, मग भाषा. विषय प्रशिक्षणाच्या छापील पुस्तकात आहेत तेच वापरायचे: ताप, जुलाब, सर्पदंश, बाळंतपण. एका कागदावर लिहून तो सगळ्यांना वाटला होता. बिल्ड होताना, म्हणजे सगळ्या फाइली गोळा होऊन त्यांचं अ‍ॅप तयार होताना, जी नावं नियमात बसतील ती पानं घेतली जात. बाकीच्यांना वगळलं जाई. फोल्डरमध्ये कच्ची टिपणंही असत, ती पुस्तकात येऊ नयेत म्हणून तशी सोय होती. वगळताना बिल्ड काही बोलत नसे.

"हे चूप बसणं चुकलं," प्रोग्रामर म्हणाल्या. "कच्च्या टिपणांसाठी वेगळं फोल्डर करते. इथल्या फाइलीचं नाव ओळखता आलं नाई तर बिल्ड थांबली पायजे. पुढं जाऊच नये."

"किती वेळ लागेल?"

"चहा येतपर्यंत."

चहा आला, निवला. तपासणी लिहून झाली तेव्हा पाच वाजत आले होते. त्यांनी बिल्ड लावली. पडद्यावर हिरव्या ओळी सरकू लागल्या, एका ठिकाणी थांबल्या, आणि खाली लाल ओळी आल्या. आम्हाला एक अपेक्षित होती. सहा आल्या.

प्रोग्रामरनी त्या मोठ्यानं वाचल्या. मोहा वेचताना. धुक्यातला खोकला. लहान्याचं पोट. सातव्या महिन्यात नदी. बांधावरचं. शेवटची होती: प्रतीची प्रत.

प्रत्येक ओळीच्या शेवटी तपासणी एकच वाक्य लिहीत होती: हे नाव ओळखता आलं नाही.

ऊन खिडकीच्या चौकटीवरून खाली उतरलं होतं. लाल अक्षरातली ती नावं एकाखाली एक पाहताना आम्ही त्या खोलीत नसल्यासारखं वाटत होतं. पहाटे मोहाच्या झाडाखाली टोपली घेऊन कोणी वाकलेलं आहे, कोणी धुक्यात खोकतं आहे, कोणी सात महिन्यांची गरोदर बाई नदीकडे पाहत उभी आहे. "सातव्या महिन्यात नदी" या पानात लिहिलं होतं की बाळंतपण पावसाळ्यात येणार असेल तर सातव्या महिन्यातच अलीकडच्या काठावर, नातेवाइकाच्या घरी राहायला यावं. वेगवेगळ्या गावांतल्या वेगवेगळ्या बायांनी ही पानं लिहिली होती. एकीनंही माझा कागद पाळला नव्हता.

"प्रतीची प्रत काय हाय?" प्रोग्रामरनी विचारलं.

उघडून पाहिलं. जुलाबाचंच पान, दोनदा. तेवढं एक काढून टाकलं.

उरलेल्या पाचांची नावं मी बदलली. मोहा वेचताना हे उष्माघात झालं. धुक्यातला खोकला हे खोकला. लहान्याचं पोट हे बालकुपोषण. सातव्या महिन्यात नदी हे गरोदरपण. बांधावरचं हे सर्पदंश. दैनिकात मथळे बदलताना जितका वेळ लागे तितकाच लागला. पुन्हा बिल्ड लावली. सगळ्या ओळी हिरव्या आल्या. पाचही पानं पुस्तकात आली होती.

नवं पुस्तक बाईंच्या हातात द्यायचं तर एटापल्लीच्या बाजाराच्या दिवशी. बाई त्या दिवशी येतात. त्यांच्या गावात नेटवर्क नसतं. तिथून त्या पुस्तक आपल्या फोनमध्ये घेणार आणि नदीच्या काठावर बहिणीच्या फोनमध्ये टाकणार होत्या. फोनवरून फोनवर पाठवायला नेटवर्क लागत नाही. मी जायचं ठरवलं, कारण पानं वगळली गेल्याचं समोर बसून सांगणं योग्य होतं.

बाजाराच्या दिवशी सकाळच्या बसनं निघालो. गोंडपिपरीपर्यंत झोप लागली. आष्टीचा पूल ओलांडताना जाग आली तेव्हा खाली वैनगंगा होती, अजून उन्हाळ्यासारखी पसरट, मध्ये वाळूची बेटं, बेटांवर पांढरे पक्षी. पुढं आलापल्लीच्या अलीकडे झाडी रस्त्यावर येते. सागाला नवी पानं आली होती, इतकी मोठी की बसच्या खिडकीतून आत येतील. समोरून लोहखनिजाचे ट्रक येत होते. प्रत्येक ट्रक गेला की लाल धूळ उडे आणि बस त्यात शिरे. काही क्षण काहीच दिसत नसे, फक्त लाल उजेड. मग पुन्हा झाडं. असं पंचवीस-तीस वेळा झालं. पुढच्या सीटवरचा माणूस दर वेळी टोपी तोंडावर ओढून घेई आणि धूळ गेली की परत डोक्यावर ठेवी. त्याचे डोळे मात्र मिटलेलेच होते.

बाई किराणा दुकानाच्या ओट्यावर बसल्या होत्या. शेजारी चारोळीचं गाठोडं, छत्री आणि फोन चार्जिंगला लावलेला.

"आले काय," त्या म्हणाल्या. "मले वाटलं फोनातूनच माफी मागसान."

मी काय झालं ते सांगितलं. नाव नियमात बसलं नाही म्हणून पान गळलं, आता नाव बदललं आहे, आणि यापुढे असं झालं तर बिल्डच थांबेल अशी तपासणी लावली आहे. बाईंनी ऐकून घेतलं. पुस्तक त्यांच्या फोनमध्ये उतरायला सात मिनिटं लागली. त्यांनी यादी उघडली. बोट खाली सरकवत नेलं, एका ठिकाणी थांबवलं, आणि फोन उपडा करून मांडीवर ठेवला.

"हे नाई चालत," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"तुमी नाव लिवलं त्याचं."

"तेच तर नाव आहे."

"तेच तर मी म्हणून राह्यली."

मग त्यांनी समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं, पण न चिडता. त्यांच्याकडे, आणि बहिणीच्या टोल्यावर अधिकच, पेरणी झाली की कापणी होईपर्यंत घरात त्याचं नाव घेत नाहीत. कोणी घेतलं तर घरातला मोठा माणूस उठून बाहेर जातो. नाव घेतलं की ते ऐकतं आणि येतं, असं म्हणतात. त्या दिवसांत त्याला वेगवेगळं काही म्हणतात. बांधावरचं, हे बहिणीच्या सासरी म्हणतात.

"तुम्ही मानता?" मी विचारलं.

"मी नाई मानत. माही बहीण बी नाई मानत. तिची सासू मानते. आन् फोन सासूच्या घरात राह्यते, भाऊ, तुमच्या हाफिसात नाई." त्यांनी मांडीवरचा फोन उचलून दाखवला. "यादीत ते नाव दिसलं का म्हातारी फोन गोठ्यात ठेवन. मंग कोणाले काही झालं तर गोठ्यात जाऊन पान शोधाव काय?"

"पण पान मार्चमध्ये लिहिलं तुम्ही. तेव्हा पेरणी कुठं होती?"

"लिवलं मार्चमधी. उघडणार कधी? पाण्यापावसातच ना?"

मी म्हटलं, तेव्हाच सांगायचं होतं.

"तुमी इचारलं काऊन नाई?"

दुकानदार आतून ऐकत होता. तो गोंडपिपरीकडचा. म्हणाला, "बाई बराबर बोलून राह्यली, साहेब. आमच्याकडे बी संध्याकाळी नाव घेत नाई."

ओट्यासमोर बाजार भरला होता. बांबूच्या टोपल्या, सुकी मासळी, कोंबड्या, बांगड्या. ढग आले होते आणि वारा नव्हता. आवाज सगळे दुरून आल्यासारखे. बाईंनी बहिणीला निरोप धाडला होता की चारच्या सुमाराला घाटावर ये. बारा वाजून गेले होते. घाटापर्यंत जीपनं तास लागतो. वरच्या अंगाला दोन दिवसांपासून पाऊस चालू होता आणि आदल्या दिवशी डोंगेवाल्यानं सांगितलं होतं की आता तो फक्त पुढचे दोन दिवस माणसं नेईल.

मी प्रोग्रामरना फोन लावला. नेटवर्क ओट्याच्या एका कोपऱ्यातच होतं. तिथं उभं राहून बोलावं लागलं. नाव पुन्हा बांधावरचं करा, असं सांगितलं.

"करते. पण बिल्ड थांबन. तपासणी म्हणन, ओळखत नाई."

"तपासणी काढा."

"नाई काढत," त्या म्हणाल्या. "काढली तर पुढच्या वर्षी अजून सहा पानं अशीच पडून राह्यतील आन् कोणाले पत्ता लागणार नाई. तपासणी राह्यलीच पायजे. तिले काय ओळखाव ते शिकवू."

मी स्पीकर लावला, कारण बाई जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. पुढचा अर्धा तास त्या दोघीच बोलल्या. प्रोग्रामरनी सांगितलं की प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत छापील पुस्तकातला विषय लिहून ठेवता येईल.

"म्हणजे त्याचं नाव पुन्हा आलंच," बाई म्हणाल्या.

"आलं, पण फोनवर दिसणार नाई. ती ओळ फक्त मशीन वाचते."

"मशीनले वाचू द्या. तिले कोणती सासू हाय."

मग नावांची वेगळी यादी करायचं ठरलं. फोल्डरमध्येच एक साधी फाइल. एका बाजूला छापील विषय, दुसऱ्या बाजूला बाया जे नाव देतील ते. तपासणी दोन्ही पाहील. पानाचं नाव त्या यादीत नसेल तर बिल्ड थांबेल आणि कोणतं नाव ओळखता आलं नाही ते सांगेल. मग ते नाव ज्या बाईनं दिलं तिला विचारायचं, आणि तिनं हो म्हटलं तर यादीत घालायचं. नाव परस्पर बदलायचं नाही. ही शेवटची अट प्रोग्रामरनी माझं नाव न घेता सांगितली.

"आता एकेक सांगा बाई. खोकला आन् मोहा तुमच्या गावच्या बाईचे हायत, तिच्याकडून तुमीच सांगा. खोकल्याचं काय करू? धुक्यातला खोकला होतं."

"खोकला राहू द्या. खोकल्याले कोणी भेत नाई."

"मोहा वेचताना?"

"ते तसंच पायजे. उष्माघात कोणाले समजते? मले बी प्रशिक्षणात समजलं."

"सातव्या महिन्यात नदी?"

"ज्या बाईनं लिवलं तिले इचारा. माह्यं नाई ते."

"आन् लहान्याचं पोट?"

"ते बी तिलेच. दोन्ही एकीचेच हायत. फोन लावा, तिच्या गावात दुपारी रेंज असते."

"भाऊ," प्रोग्रामर मला म्हणाल्या, "हे बिल्ड नाई, ग्रामसभा होऊन राह्यली."

ती दुसरी बाई भामरागडच्या रस्त्यावर होती. प्रोग्रामरनी तिला लावलेला फोन तिसऱ्यांदा लागला. तिनं दोन्ही नावं तशीच ठेवायला सांगितली. दीड वाजता यादी पूर्ण झाली. त्यानंतर तपासणीत बदल करून बिल्ड लावली, ती थांबली. बांधावरचं या पानाची पहिली ओळ रिकामी राहिली होती. तपासणीनं तेच सांगितलं. प्रोग्रामरनी ओळ भरली. दोन वाजून वीस मिनिटांनी बिल्ड पूर्ण झाल्याचा निरोप आला. पुस्तक बाईंच्या फोनमध्ये उतरायला या वेळी एकोणीस मिनिटं लागली, कारण बाजारात सगळ्यांचे फोन चालू होते. बाई ओट्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि फोन छातीशी धरून बाजाराकडे पाहत राहिल्या. त्यांनी चारोळीचं गाठोडं दुकानदाराकडेच ठेवलं. विकायला वेळ उरला नव्हता.

यादी उघडली. बांधावरचं. त्यांनी पान उघडलं, शेवटपर्यंत वाचलं, बंद केलं.

"चाला," त्या म्हणाल्या.

जीपमध्ये मागे अकरा जण होते. रस्ता जंगलात शिरला. ढगांमुळे उजेड हिरवा झाला होता, आणि झाडांच्या खोडांवर वाळवीच्या मातीचे पट्टे माणसाच्या कमरेइतके उंच चढलेले होते. एका वळणावर मोरांचा थवा रस्त्यात उभा होता. चालकानं जीप थांबवली, ते निघून जाईपर्यंत वाट पाहिली, हॉर्न वाजवला नाही. कोणी घाई केली नाही. बाईंनीही नाही. त्यांनी फक्त फोन काढून वेळ पाहिली.

घाटावर पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. नदी गढूळ होती आणि तिच्यावरून फांद्या, पळसाची पानं, एक तुटलेली टोपली वाहत जात होती. पलीकडचा काठ पांढुरक्या वाफेत होता. डोंगा त्या वाफेतून बाहेर आला, आधी डोंगेवाल्याची काठी दिसली, मग तो, मग समोर बसलेली बहीण. ती बाईंसारखीच दिसते, फक्त अधिक बारीक. तिनं डोक्यावर प्लॅस्टिक घेतलं होतं.

दोघी माडियात बोलल्या. मला माडिया येत नाही. पुढचं बाईंनी नंतर सांगितलं.

बहिणीनं विचारलं, एवढा उशीर का. बाई म्हणाल्या, नाव ठेवत होतो. बहीण म्हणाली, पान आधी लिहिलं होतं ना, मग नाव आता ठेवता? बाई म्हणाल्या, बारशालाही असंच असतं.

दोन्ही फोन एकमेकांजवळ धरून त्या दगडावर बसल्या. पहिल्यांदा पाठवणं अर्ध्यावर तुटलं. बहिणीच्या फोनमध्ये जागा कमी होती. तिनं लग्नाचे व्हिडिओ काढून टाकायला सुरुवात केली. डोंगेवाला काठी टेकवून उभा होता.

"वो बाई, पाणी माह्यासाठी थांबते काय," तो मराठीत म्हणाला, बहुधा मला ऐकू यावं म्हणून. "तुमचे लगन पाहून झाले असन तर चाला."

"तुह्यं नाई काढलं अजून," बाई म्हणाल्या. "तू नाचून राह्यला त्यात."

"मंग ते राहू द्या."

चौथा व्हिडिओ काढल्यावर जागा झाली. दुसऱ्यांदा पुस्तक पूर्ण गेलं. बहिणीनं यादी उघडली, बोटानं खाली गेली, थांबली. पान उघडलं. ओठ हलवत वाचलं. एके ठिकाणी तिनं बाईंना काही विचारलं, बाईंनी स्वतःच्या घोट्यावर हात ठेवून दाखवलं, कामटी कुठून कुठवर बांधायची ते. बहिणीनं तसंच आपल्या घोट्यावर करून पाहिलं. मग फोन प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळला, गाठ मारली आणि ओच्यात खोचला.

डोंगा निघाला. मध्यापर्यंत दिसला. त्यापुढे फक्त काठी पाण्यात पडल्याचा आवाज, तोही नंतर नाही.

बाई थोडा वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "जीप गेली असन," आणि आम्ही रस्त्याकडे चालू लागलो. जीप गेली नव्हती.

डोंगा दुसऱ्या दिवशी दुपारी बंद झाला. तिसऱ्या दिवशी घाटावरचा तो दगड पाण्याखाली होता, असं डोंगेवाल्यानं बाईंना सांगितलं.

त्या पावसाळ्यात बिल्ड चार वेळा थांबली. तीनदा नाव यादीत नव्हतं म्हणून. एकदा मी घाईत एका पानाचं नाव स्वतःच बदललं होतं म्हणून. चारही वेळा नाव देणाऱ्या बाईला विचारलं आणि नंतर बिल्ड पुढं गेली. एकही पान गळलं नाही.

नोव्हेंबरमध्ये, धान कापून झाल्यावर, बहीण प्रशिक्षणाला आली. सोबत फोन होता. अ‍ॅप कोणतं पान केव्हा उघडलं त्याची नोंद फोनमध्येच ठेवतं. प्रोग्रामरनी ती नोंद बहिणीला विचारून पाहिली. बांधावरचं हे पान जूनमध्ये घाटावर उघडलं होतं. त्यानंतर जुलैत दोनदा, ऑगस्टमध्ये एकदा. सप्टेंबरमध्ये एकाच दिवशी तीनदा: सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, नऊ वाजून बेचाळीस मिनिटांनी, आणि अकराला पाच कमी असताना.

बहिणीनं सांगितलं की त्या दिवशी धानात निंदण करताना तिच्या दिराला उजव्या पायाला चावलं. पान सासूनं धरलं होतं. सासूला वाचता येत नाही. पडदा विझू नये म्हणून ती मधूनमधून बोट लावत होती आणि बहीण कामटी बांधत होती. खालचा घाट बंद होता. चौघांनी खाट वरच्या घाटावर नेली आणि येनाच्या झाडाजवळून हाक मारली.

दवाखान्याच्या नोंदवहीत त्याच दिवशीची नोंद आहे. पुरुष, वय एकतीस, दुपारी दोन वाजता दाखल. सहाव्या दिवशी घरी पाठवलं.